पळता कशाला, पैसेच द्या ना!

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. कुणीतरी ड्रीम रनमधला (त्यातली हौशी लोकांची छोटी धाव) नऊवारी-गॉगलवाला फोटो टाकते, लगेच एक जण म्हणतो ही नुसती चमकोगिरी, पळता कशाला, पैसेच द्या ना, दान कसं या हाताचं त्या हाताला कळू नये, आणि दादरवाला मित्र बंद रस्त्यांवरून सगळ्यांचा उद्धार करतो. यंदा मला टॅग करून कुणी लिहिलं, "तुमच्या इंग्लंडात बघ, लोक किती सिरियसली चॅरिटी करतात."

सिरियसली?? अहो, आमच्या गावच्या हॉस्पिससाठी (जिथे बरे न होणारे पेशंट शेवटपर्यंत सांभाळतात) दर उन्हाळ्यात कलर रन असते, 5 किलोमीटर, त्यातले निम्मे लोक गप्पा मारत चालतात. पांढरे टीशर्ट घालून जायचं, ठरावीक अंतरावर व्हॉलंटियर पिळायच्या बाटल्या घेऊन उभे, ते मक्याच्या पिठाचा रंग थेट तोंडावर उडवतात, त्यात इथला रिमझिम पाऊस, म्हणजे मानेवर हिरवा-गुलाबी लगदा आणि कानात दोन दिवस पीठ. सत्तरीचे आजोबा गुलाबी झालरीच्या परकरात. घरी जाताना गाडीच्या सीटवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंथरायच्या. आपली धुळवडच, फक्त छातीवर बिब नंबर लावून.

पण खरं काम त्याच्या आधी महिनाभर चालू असतं, ते म्हणजे मागणं. ऑनलाइन पान उघडायचं आणि ऑफिस, शेजारी, पोरांच्या मित्रांचे आईबाप, सगळ्यांना लिंक पाठवायची. गणपतीची वर्गणीच ही, पावतीपुस्तक तेवढं फोनमध्ये. कुणी किती दिले ते बहुतेकदा सगळ्यांना दिसतं, त्यामुळे वरच्याने 10 पौंड दिले की खालच्याला 2 द्यायची लाज वाटते (हे या हाताचं सगळ्या गावाला कळणं झालं, पण हॉस्पिसचं भलं होतं). शिवाय गिफ्ट एड म्हणून प्रकार आहे, देणारा इथे टॅक्स भरत असेल तर एका टिकवर 10 पौंडांचे संस्थेला 12.50 मिळतात, वरचे अडीच सरकार देतं. आपल्याकडे देणगीवर टॅक्सची सवलत मिळते ती देणाऱ्याला, आणि तीही जुनी टॅक्स पद्धत घेतली तरच.

आणि हे फॅड परवाचं नाही. कॅन्सर रिसर्च यूकेची रेस फॉर लाइफ 1994 साली लंडनच्या बॅटरसी पार्कात 680 बायकांनिशी सुरू झाली, पुरुषांना 2019 पासून घेतलं. उलट रंग उडाला म्हणजे चॅरिटी झाली असंही नाही हं. 2012 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली द कलर रन ही चक्क नफ्यासाठीची कंपनी, संस्थांना त्यातला काही वाटा. तेव्हा तिकीट काढताना पैसे कुठे जाणार ते विचारायचं, मग खुशाल नाचायचं.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नका. इंग्लंडमधल्या प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून ढोबळमानाने एक तृतीयांश पैसे येतात, बाकी जुन्या कपड्यांची दुकानं, लॉटरी, लोकांची मृत्युपत्रं आणि असल्या रन. म्हणजे मरणाऱ्या माणसाजवळ रात्री बसणाऱ्या नर्सचा पगार काही प्रमाणात त्या आजोबांच्या परकरावर अवलंबून! यात कौतुक करण्यासारखं काय आहे, मला तर हा सरकारचा निर्लज्जपणाच वाटतो, आणि तरी मी दरवर्षी पळते कारण नाही पळाले तर तेवढेही पैसे जाणार नाहीत.

म्हणून ग्रुपवरच्या चमकोगिरीवाल्या मित्राला माझं सांगणं वेगळं आहे. नऊवारी नेसा, गॉगल लावा, फोटो शंभर टाका, माझी तक्रार त्यावर नाहीच. तक्रार ही की आमच्या ग्रुपातल्या एकाही ड्रीम रनवाल्याने मला आजवर एक रुपया मागितलेला नाही. 2004 पासून मॅरेथॉन होतेय, युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत आपल्या आवडीच्या संस्थेसाठी पैसे गोळा करायची सोय आहे, मग संकोच कसला? मंडळाच्या वर्गणीला दारात अडून बसणारी आपण माणसं. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, त्यामुळे परदेशी देणगीच्या कायद्याची भानगडही नाही. डिसेंबरात लिंक टाका.