‘तेव्हा कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं’ हे खरं नाही

अमेरिकन सुपरहिरोंच्या जुन्या कॉमिक्सची पानं हल्ली सगळीकडे फिरतात, आणि त्यांच्यासोबत एक युक्तिवादही फिरतो. तो साधारण असा: या कॉमिक्समध्ये राजकारण नव्हतं, ती पोरांची निखळ करमणूक होती. जपानी माणसं सुळेवाली आणि पिवळीजर्द दाखवली ती युद्ध चालू होतं म्हणून. शत्रूची टवाळी सगळेच करतात. छपाईही स्वस्तातली होती. आणि मुख्य म्हणजे त्या काळी कुणालाच त्यात काही गैर वाटत नव्हतं, मग आजची फूटपट्टी लावून त्यांना का झोडपायचं?

मला ही कॉमिक्स मनापासून आवडतात. ‘कॅप्टन अमेरिका’ काढणाऱ्या जॅक कर्बीच्या रेषेतला जोर आजही चकित करतो. पण वरचा युक्तिवाद जवळपास प्रत्येक मुद्द्यावर चुकीचा आहे, आणि त्यात सर्वांत मोठा अन्याय होतो तो त्याच काळात उभं राहून ‘हे चूक आहे’ म्हणणाऱ्या माणसांवर.

राजकारण नव्हतं, हा मुद्दा तर पहिल्या मुखपृष्ठावरच निकाली निघतो. ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये दुकानांत आला. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. पर्ल हार्बरवरचा हल्ला तेव्हा जवळपास वर्षभर दूर होता, अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती आणि उतरू नये म्हणणारा मोठा वर्ग देशात होता. त्याचे निर्माते जो सायमन आणि कर्बी हे दोघे ज्यू स्थलांतरितांचे मुलगे होते. त्यांनी ते चित्र पूर्ण विचार करून काढलं. नाझीधार्जिण्या अमेरिकनांकडून धमक्या आल्या, कचेरीबाहेर पोलीस ठेवावे लागले. त्याआधी, फेब्रुवारी १९४० मध्ये, ‘लुक’ मासिकातल्या दोन पानी गोष्टीत सुपरमॅनने हिटलर आणि स्टॅलिन दोघांनाही बखोटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेलं होतं. त्यावर एसएस या नाझी संघटनेच्या मुखपत्राने लेखक जेरी सीगलच्या ज्यू असण्यावरून गरळ ओकली. सुपरमॅन राजकारण करतोय हे नाझींना कळलं होतं.

युद्ध सुरू झाल्यावर तर सरकारी हात थेट आत आला. रायटर्स वॉर बोर्ड नावाचं लेखकांचं मंडळ होतं. नावाला खासगी, पण त्याच्या कचेरीचा खर्च सरकारचं युद्धमाहिती कार्यालय उचलायचं. १९४३ मध्ये या मंडळाने कॉमिक्ससाठी वेगळी समिती नेमली आणि प्रकाशकांशी बसून कथानकं ठरवायला, बदलायला सुरुवात केली. जर्मन लोक पिढ्यान्पिढ्या आक्रमकच आहेत असं सांगणारी ‘ऑल-स्टार कॉमिक्स’च्या २४व्या अंकातली गोष्ट याच दबावातून घडली. गंमत वाटण्यासारखं यात काही नाही. दहा सेंटला मिळणारा अंक किती मुलांच्या आणि सैनिकांच्या हातात जातो, याचा हिशेब मंडळाने नीट केला होता.

आता शत्रूच्या टवाळीचा मुद्दा. हा सर्वांत जास्त पटतो, म्हणून त्यावर थोडं थांबू.

पहिली गोष्ट, ही चित्रं युद्धातून जन्मली नाहीत. मार्च १९३७ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ काढून बघा. याच मालिकेत दोन वर्षांनी बॅटमॅन आला. मुखपृष्ठावर तिरप्या डोळ्यांचा, लोंबत्या मिशांचा चिनी खलनायक वाचकाकडे रोखून बघतोय. चीनशी अमेरिकेचं युद्ध तेव्हाही नव्हतं, पुढेही या महायुद्धात झालं नाही. उलट चीन मित्रराष्ट्र झाला. मग मित्राचं चित्र सुधारलं का? ‘ब्लॅकहॉक’ या वैमानिकांच्या टोळीत नाना देशांचे शूर वीर, सगळे एकसारख्या रुबाबदार गणवेशात. त्यांच्यातला चिनी चॉप-चॉप मात्र गणवेशाविना: बुटका, गोल गरगरीत, पुढे आलेले दात, डोक्यावर शेंडी, हातात खाटकाचा सुरा, आणि काम स्वयंपाकाचं. चिनी सैन्य १९३७ पासून जपानशी लढत होतं, तरीही त्याच्या वाट्याला हे आलं.

आणि घरचा माणूस? ‘यंग अलाइज’ १९४१ च्या उन्हाळ्यात आलं, कॅप्टन अमेरिकाच्याच प्रकाशकाकडून. त्यातल्या पोरांच्या टोळीत व्हाइटवॉश जोन्स हा एकटा कृष्णवर्णीय मुलगा. सुरुवातीला प्रत्येक मुलाची ओळख करून दिली आहे. याची ओळख काय, तर हार्मोनिका छान वाजवतो आणि कलिंगडावर ताव मारतो. चेहऱ्यावर ओठांच्या जागी दोन जाड वळ्या. हा मुलगा अमेरिकन होता, नाझींशी लढत होता. तो कुणाचा शत्रू होता?

शत्रूंमध्येही भेद होताच. रेड स्कल या नाझी खलनायकाचा भेसूर चेहरा हा मुखवटा होता, खाली साधा माणूस. जर्मन अधिकारी एका डोळ्याला भिंग लावलेला, क्रूर, पण माणूसच. जपानी सैनिकाचे सुळे आणि नखं मात्र त्याचीच. तिथे काढून ठेवण्यासारखा मुखवटाच नव्हता. मंडळाच्या दबावातली ती गोष्ट सोडली, तर दुष्टपणा जर्मनांत एरवी एखाद्या व्यक्तीचा किंवा पक्षाचा असायचा, जपान्यांत तो रक्तातच असायचा. मार्च १९४३ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’वर सुपरमॅन छापखान्याचं यंत्र फिरवतोय, आणि बाहेर पडणाऱ्या पत्रकांवर युद्धरोखे घेऊन ‘जॅप’ला (ही जपान्यांसाठीची शिवी) चपराक हाणायचं आवाहन आहे. ज्या राष्ट्रपुरुषाने लोकांना न्यायाची गोष्ट सांगितली, त्याच्याच हातात हे दिलं गेलं. त्याच सुमारास सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक, केवळ वंशामुळे काटेरी कुंपणाआड डांबलेली होती. या चित्रांनी तो अन्याय केला नाही, पण तो स्वाभाविक वाटायला लावला.

छपाईचा बचाव फार वेळ घेणारा नाही. पिवळा, तांबडा, निळा आणि काळा एवढ्याच शाया होत्या हे खरं. पण गोऱ्या नायकाच्या त्वचेसाठी फिक्या पिवळ्यात फिका तांबडा मिसळायचे, आणि जपानी चेहऱ्याला मात्र गडद पिवळा भरायचे. कुठल्या चौकोनात किती टक्के रंग, हे रंगाच्या नमुन्यावर माणूस हाताने लिहून द्यायचा. सुळे तर काळ्या रेषेने काढलेले. त्यांचा शाईच्या मर्यादेशी काय संबंध?

राहिला ‘कुणालाच गैर वाटत नव्हतं’ हा मुद्दा. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘यूथबिल्डर्स’ या उपक्रमातली शाळकरी मुलं फॉसेट प्रकाशनाच्या कचेरीत गेली. फॉसेटचा कॅप्टन मार्व्हल तेव्हा प्रचंड खपत होता, आणि त्याच्या गोष्टींत स्टीमबोट नावाचा कृष्णवर्णीय नोकर होता, व्हाइटवॉशच्याच साच्यातला. संपादक विल लीबरसन यांनी नेहमीचं उत्तर दिलं की विनोदासाठी आम्ही गोऱ्या पात्रांचीही टवाळी करतो. मुलांनी ऐकून घेतलं नाही. गोरी माणसं तुमच्याकडे नाना भूमिकांत आहेत, आमच्यातला हा एकटाच, असं त्यांचं म्हणणं. एकाने स्टीमबोटचं मोठं केलेलं चित्र पुढे धरून सांगितलं की हा आमचा समाज नाही, पण तुमचे लाखो वाचक तसंच समजतील. स्टीमबोट त्यानंतर मालिकेतून गेला. विद्यापीठातला आजचा प्राध्यापक नव्हे, त्या अंकांचा गिऱ्हाईक असलेल्या वयाची मुलं हे बोलली होती.

ती एकटीच नव्हती. १९४३ च्या उन्हाळ्यात सुपरमॅनच्या वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत छावणीतले जपानी घातपाताचा कट करताना दाखवले, तेव्हा त्या छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्यानेच हरकत घेतली. शेवटी सुपरमॅनला वाचकांकडे वळून सांगावं लागलं की बहुतेक जपानी-अमेरिकन निष्ठावान नागरिक आहेत. चिनी वंशाचा चित्रकार चू हिंग याने १९४४ मध्ये ‘ग्रीन टर्टल’ हा नायक काढला, आणि गोष्टीभर त्याचा चेहरा वाचकाला दिसूच दिला नाही. कधी पाठमोरा, कधी हात आडवा. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय पत्रकार ओरिन इव्हान्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लेखक, चित्रकार सगळे कृष्णवर्णीय, पात्रं ताठ मानेची. दुसरा अंक तयार असूनही निघाला नाही, कारण त्यांना कागद विकायलाच कुणी तयार होईना. दुसरा रस्ता तेव्हाही होता, तो अडवला गेला. इंद्रजाल कॉमिक्समधून जादूगार मँड्रेक वाचलेल्यांना त्याचा आफ्रिकन साथीदार लोथार आठवत असेल. बिबट्याच्या कातड्यातला, तोडकंमोडकं बोलणारा मूळचा लोथार १९६० च्या दशकात व्यवस्थित कपड्यांत आला आणि नीट बोलू लागला, त्याने मालिकेचं काही बिघडलं नाही.

आता फूटपट्टीबद्दल. न्यूयॉर्कच्या त्या पोरांच्या हातात ती १९४५ सालीच होती, आपण नवी आणलेली नाही. पण या युक्तिवादाच्या मागची एक भीती मला मान्य आहे: आक्षेपांमुळे जुनं साहित्यच नाहीसं होईल. कॅप्टन मार्व्हलची १९४३ ते १९४५ मधली ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ इव्हिल’ ही २५ भागांची कथा पुस्तकरूपात काढायचं, आता तिचे हक्क असलेल्या डीसी या प्रकाशनाने जाहीर केलं होतं, आणि मग त्यातल्या वंशवादी चित्रणामुळे २०१८ मध्ये बेत रद्द केला. मला ते चुकीचं वाटतं. ती कथा सुपरहिरो कॉमिक्सच्या पहिल्या मोठ्या सलग कथांपैकी आहे. ती अख्खी छापावी, एकही चौकट न बदलता, स्टीमबोटसकट. आणि प्रस्तावनेत फॉसेटच्या कचेरीत गेलेल्या मुलांची हकिकत सविस्तर द्यावी.