म्हणे ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’!

पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, त्यांवर टिचकी मारली की घरच्या नेटवर्कचे नाव दिसते, आणि त्या नावाखाली अगदी शांतपणे लिहिलेले असते: ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही.’ या चार शब्दांनी मला जेवढा संताप येतो तेवढा नेट पूर्ण बंद पडल्यानेही येत नाही. कुठे जोडलेले आहे? राउटरशी जोडलेले असेल, तर राउटरने संगणकाला पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आयपी क्रमांक, दिला आहे का? दिला असेल, तर राउटरच्या पलीकडे काही जाते आहे का? आणि जात असेल, तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर उत्तर देतो आहे का? हे वेगवेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. त्यातला कोणता बिघाड झाला आहे हे संगणकाला बहुतेक वेळा त्याच क्षणी ठाऊक असते, आणि तरीही तो मूग गिळून बसतो.

‘ठाऊक असते’ हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर विंडोज संगणक स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता देऊन टाकतो. हे आकडे दिसले की जाणकार माणूस लगेच ओळखतो की संगणकाचे आणि राउटरचे बोलणेच झालेले नाही, त्यामुळे बाहेरच्या लाइनीला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणजे निदान तयार आहे, ते आकड्यांत लिहून ठेवलेलेही आहे, फक्त ते कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) असे टंकून पाहणाऱ्यालाच दिसणार. ज्याला हा मंत्र माहीत नाही, त्याने कोपऱ्यातल्या चिन्हाकडे बघत बसावे. ‘राउटरने पत्ता दिला नाही’ एवढे साधे वाक्य पडद्यावर छापायला कोणाची हरकत होती?

शिवाय त्या ‘इंटरनेट नाही’वरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. विंडोज ठरावीक पत्त्यावरून एक छोटीशी मजकुराची फाइल मागवते, आणि ती अपेक्षेप्रमाणे आली नाही की इंटरनेट नाही असे जाहीर करून मोकळी होते. व्हीपीएनने (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणाऱ्या सेवेने) किंवा एखाद्या जाहिरातरोधकाने तेवढी एक फाइल अडवली, तर बाकी सगळे सुरळीत चालू असतानाही हा फलक झळकतो. आणि त्या भरलेल्या रेघा सांगतात ते एवढेच, की राउटरचा आवाज संगणकापर्यंत किती जोराने पोहोचतो आहे. संगणकाचा आवाज राउटरपर्यंत पोहोचतो का, आणि आजूबाजूचा गोंगाट किती आहे, याचा त्या रेघांशी काहीही संबंध नाही.

मग येतो तो समस्या शोधून दुरुस्त करणारा म्हणवणारा ट्रबलशूटर. एक निळी पट्टी बराच वेळ इकडून तिकडे सरकते, दरम्यान तो अडॅप्टर, म्हणजे संगणकाचे वाय-फाय कार्ड, बंद करून पुन्हा चालू करतो, आणि शेवटी एकतर ‘समस्या ओळखता आली नाही’ असे सांगून हात झटकतो किंवा ‘डीफॉल्ट गेटवे उपलब्ध नव्हता, दुरुस्त केले’ अशी हिरवी खूण मिरवतो. गेटवे म्हणजे बाहेर जायचे दार, घरात बहुधा राउटरच; तो का उपलब्ध नव्हता, याबद्दल अवाक्षर नाही. चहा संपायच्या आत तोच गेटवे पुन्हा गायब होतो आणि ट्रबलशूटर पुन्हा त्याच उत्साहाने तीच हिरवी खूण दाखवतो.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर तिथे पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, मोबाइलवर चालते आहे का?’ चालते आहे असे प्रामाणिकपणे सांगितले की प्रकरण त्यांच्या लेखी मिटलेच. मग दोष आपल्या पीसीचा. संगणकवाल्याला विचारावे तर तो राउटरकडे बोट दाखवतो. दोघांचे एकमत फक्त एका सल्ल्यावर होते, ‘रीस्टार्ट करून बघा’, आणि माझा सगळ्यात मोठा राग याच सल्ल्यावर आहे. राउटर आणि संगणक दोन्ही बंद करून चालू केले की पत्ता नव्याने मिळतो, ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने भरला जातो, डीएनएसकडून आधी मिळालेल्या पत्त्यांची साठवण पुसली जाते आणि राउटर कदाचित चॅनेलही, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातली आपली जागाही, बदलतो, हे सगळे एकाच वेळी; त्यामुळे नेट सुरू झालेच तर यापैकी कशामुळे झाले हे कळण्याची वाटच बंद होते. रीस्टार्टने बिघाड तात्पुरता जातो, पुरावा मात्र कायमचा जातो. बिघाड पुन्हा उगवला की आपण होतो तिथेच, आणि फोनवरच्या नव्या आवाजाला तीच कथा पहिल्यापासून सांगायची.

‘मोबाइलवर चालते, मग पीसीवर का नाही?’ या प्रश्नाला उत्तरे आहेत, आणि ती एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापायला हरकत नव्हती. मोबाइल हातात असतो, आपण त्याला घेऊन राउटरजवळ जातो. डेस्कटॉप मात्र टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून बसलेला पत्र्याचा डबा असतो, आणि त्याचे अँटेना नेमके त्या पाठीवर, म्हणजे पत्रा आणि भिंत यांच्या सांदीत. अनेक मदरबोर्डांना (संगणकातल्या मुख्य पाट्यांना) वाय-फाय आतच बसवलेले असते, पण त्याचे अँटेना खोक्यात वेगळ्या पिशवीत येतात; ते मागच्या दोन पितळी टोकांवर फिरवून बसवले नाहीत तरीही वाय-फाय ‘चालते’, म्हणजे जवळचे नेटवर्क कसेबसे दिसते, जोडले जाते आणि सारखे तुटते. अँटेना लावलेले नाहीत, असा इशारा संगणक देत नाही.

यूएसबीवर लावायच्या इवल्याशा वाय-फाय डोंगलची कथा तर याहून वाईट आहे. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट वाय-फाय वापरते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच तांत्रिक निबंध प्रसिद्ध करून सांगितले आहे. तरीही डोंगल लावायला आपण नेमके ३.० चे निळे, जलद पोर्ट शोधतो, कारण जलद म्हणजे चांगले असेच आपल्याला शिकवलेले असते, आणि शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइल उतरवायला घेतली की वाय-फाय मान टाकते. हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने डोंगल डब्यापासून दूर नेला तर पुष्कळदा फरक पडतो. काही उत्पादक तशी केबल सोबत देतातही, पण ती का दिली आहे हे कोणी लिहीत नाही, आणि मग ती खोक्यातच राहते.

त्यात त्या २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या घरांतले सगळे राउटर, ब्लूटूथचे कीबोर्ड-माउस आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे त्याच गर्दीत. राउटरने स्वतःच्या मर्जीने १२ किंवा १३ वा चॅनेल निवडला, तर अमेरिकेतल्या नियमांनुसार बेतलेल्या काही अडॅप्टरांना ते नेटवर्क दिसतच नाही. मोबाइलच्या यादीत घरचे नाव ठळक, संगणकाच्या यादीत सगळ्या शेजाऱ्यांची नावे, फक्त आपलेच नाही! ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण ती लहर भिंतींपुढे लवकर दमते, आणि ५२ ते १४४ मधल्या चॅनेलांवर रडारची चाहूल लागली तर राउटरला ती जागा नियमानुसार सोडावी लागते. वापरणाऱ्याला त्यातले काय दिसते? ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही.’

‘मग सरळ केबल टाका’ असे सांगणारे शहाणे असतातच. केबल उत्तमच असते, ते मलाही मान्य आहे. पण आत वायरलेस कार्ड बसवले आहे, त्याचे पैसे मोजले आहेत, आणि ते का चालत नाही या प्रश्नाचे उत्तर ‘ते वापरू नका’ हे असू शकत नाही. नवा ड्रायव्हर टाका, हा दुसरा सल्ला. ड्रायव्हर मिळणार इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळणार ड्रायव्हरने. अखेर मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट संगणकाला द्यायचे, उत्पादकाच्या संकेतस्थळावर एकाच मॉडेलच्या तीन हार्डवेअर आवृत्त्यांपैकी आपली कोणती हे कार्डावरच्या स्टिकरवरून ओळखायचे, आणि तो स्टिकर वाचण्यासाठी डबा उघडायचा.

विंडोजमध्ये मात्र एक खरोखर उपयोगी गोष्ट आहे. काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) अशी आज्ञा दिली की मागच्या तीन दिवसांचा अहवाल ब्राउझरमध्ये उघडता येतो. प्रत्येक वेळी जोडणी केव्हा लागली, केव्हा तुटली आणि तुटण्याचे काय कारण नोंदले गेले, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. तो पाहून मला आनंद व्हायला हवा होता, पण उलट डोके अधिकच तापले. एवढी बारीक नोंद रोज ठेवली जाते, आणि कोपऱ्यातल्या चिन्हावर ती दाखवणारे एक बटण नाही?

माझ्या संगणकाच्या अहवालात जोडणी तुटण्याच्या वेळा नेमक्या तो काही काळ नुसता पडून राहिल्यानंतरच्या होत्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी द्या’ या चौकटीत खूण होती. भिंतीतल्या सॉकेटवर अहोरात्र चालणाऱ्या, बॅटरीचा पत्ता नसलेल्या डेस्कटॉपला एका वाय-फाय कार्डाची वीज वाचवण्याची ही काटकसर कोणी सुचवली असेल? खूण काढली आणि वाय-फाय सुतासारखे सरळ झाले. नंतर एका रात्री सिस्टीमने आपणहून नवा ड्रायव्हर बसवला, ती खूण गुपचूप पुन्हा जागेवर आणून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रबलशूटर मला सांगत होता की समस्या ओळखता आली नाही.