आपल्या अभिप्रायाला उत्तर : काल्पनिक नकाशा आधी कागदावर का

नमस्कार.

आपण सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभार. काल्पनिक प्रदेशांचे नकाशे संगणकावर काढायला शिकण्यासाठी आपण चिपळूणला आलात, पण कार्यशाळेचा निम्मा वेळ पेन्सिल-कागदातच गेला आणि आपण काढलेली नदी आम्ही खोडायला लावली, अशी आपली तक्रार आहे. जादूच्या राज्याला भूगोलाचे नियम कशाला, असेही आपण विचारले आहे.

नदीपासून सुरुवात करतो. आपल्या नकाशात एकच नदी पठारावर दुभंगून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अशा दोन्ही समुद्रांना मिळत होती. पाणी सर्वांत सोपा उतार धरते, त्यामुळे उपनद्या येऊन मिळत जातात. नदीला फाटे फुटतात ते बहुधा मुखाजवळच्या सपाट गाळात. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून सावित्री पश्चिमेला बाणकोटच्या खाडीत उतरते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, पण त्या दोन वेगळ्या नद्या आहेत आणि त्यांच्यामध्ये जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारा डोंगरमाथा, आहे. आपल्या राज्यात जादूनेच नदी दुभंगत असेल तर ती खुशाल दुभंगू द्यावी. मात्र ती जागा ठळक काढावी, तिला नाव द्यावे, कारण पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकणार आहे.

गावांचेही तसेच. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ बंदर, पलीकडच्या तीरावर अंजनवेलचा किल्ला आणि खाडीच्या वरच्या टोकाला, कुंभार्ली घाटाच्या वाटेवर चिपळूण, ही मांडणी आम्ही सर्वांकडून गिरवून घेतो, कारण ती हातातून गेली की बंदर कुठे बसवावे आणि बाजारपेठ कुठे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता कागदाविषयी. पडद्यावर आपण झूम करून एकाच बंदरातल्या होड्या रंगवत बसतो आणि छापल्यावर त्या दिसतही नाहीत. कागदावर सारा प्रदेश सतत समोर असतो, त्यामुळे कुठे दाटी झाली आणि कुठे मोकळे राहिले हे लगेच कळते. शिवाय संगणकातले तयार ठसे वापरले की प्रत्येक डोंगर हुबेहूब सारखा दिसतो. म्हणूनच आपल्याकडून निरनिराळी शिखरे शाईने काढून घेतली आणि ती स्कॅन करून क्रिटा या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचेच ब्रश बनवले. रेषांचा लेयर, म्हणजे चित्रातला वेगळा थर, ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणाच्या पर्यायावर ठेवला की कागदाचा पांढरेपणा नाहीसा होऊन खालचा रंग दिसतो, हेही आपण करून पाहिलेत. हाताने काढलेली रेषा नसती, तर या दोन्ही गोष्टींना विषयच उरला नसता. हा क्रम आम्ही बदलणार नाही आणि जाहिरातीतही तो स्पष्ट लिहिलेला असतो.

संगणकावर अधिक वेळ हवा, ही आपली अपेक्षा मात्र रास्त आहे. आपली ए-थ्री आकाराची, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल आमच्याकडे आहे. तिच्यात नावांचा लेयर तेवढा बाकी आहे. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नदीच्या वळणाबरोबर वळणारी अक्षरे कशी बसवायची, ते पुढच्या तुकडीच्या डिजिटल सत्रांत शिकवू. त्या सत्रांना आपण विनाशुल्क यावे. पावसाळ्याच्या दमट हवेत कागद सादळून शाई फुटते, म्हणून ती तुकडी दिवाळीनंतर ठेवली आहे. येताना आपला पेन-टॅबलेट आणावा.