खड्डा कोणाचा, ते आधी विचारा

गावाला निघताना टायरची हवा आणि फास्टॅगचा बॅलन्स कोणीही बघतं. तुम्ही सुजाण नागरिक आहात. तुम्ही आपटण्याआधी खड्ड्याचा मालक कोण ते बघून घ्या. नाहीतर शिव्या भलत्याच खात्याला जातात आणि तिथल्या साहेबांना विनाकारण उचक्या लागतात.

ओळख सोपी आहे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचा मामला. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. बोट मंत्रालयाकडे दाखवा. नारिंगी असेल तर गावचा रस्ता. तिथे तक्रार करत नाहीत, दुसरा गिअर टाकून देवाचं नाव घेतात. दगड पिचकाऱ्यांनी लाल झाला असेल तर खाली उतरून नखाने खरवडून पाहा. मागचा ट्रकवाला हॉर्न मारेल, मारू द्या. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेतली आहे. इंग्रज गेले, उतरंड राहिली. आपण तीत ‘प्रमुख राज्य महामार्ग’ नावाचं एक मडकं वाढवलं.

मुंबईकरांचं मात्र दगडाने भागत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी बांधकाम खात्याचा, मग एमएमआरडीएचा म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, २०२२ पासून महापालिकेचा. त्यावरचे बरेचसे उड्डाणपूल १९९६ साली जन्मलेल्या रस्ते विकास महामंडळाने बांधले. अंधेरीला गाडी अडकली की ही वंशावळ मुलांकडून पाठ करून घ्या. वेळ पुरतो.

घर घ्यायचं असेल तर घोडबंदर रोडला घ्याच. बिल्डरच्या जाहिरातीत तिथून सगळं दहा मिनिटांवर असतं. कागदावर तो राज्य महामार्ग क्रमांक ४२ आहे आणि गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडला की वाहनतळ.

टोलबद्दल कुरकुर तर आता करूच नका. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. पैसे घेणं थांबलं, तरी जडवाहनांसाठी नाका जागचा हललेला नाही. दहिसरला पूर्वी पैसे देऊन थांबावं लागे, आता फुकट थांबता येतं. याला सवलत म्हणतात.

लांब जायचं असेल तर समृद्धी महामार्ग आहे. नागपूरपासून ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. नागपूर ते मुंबई आठ तासांत, असं सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही, फक्त मुंबई म्हणजे भिवंडीजवळचं आमणे हे मनाशी पक्कं करा. तिथून ठाण्यापर्यंतच्या प्रवासाला डबा वेगळा बांधा. मुक्कामाचं म्हणत नाही, पण एक चादर असू द्या.

कोकणातले असाल तर तुम्हाला सल्ला देण्याची आमची छाती नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा पहिलीत असलेला मुलगा आता स्वतः गाडी चालवत गणपतीला जातो आणि डायव्हर्शनच्या पाट्या बघून बरोबर वळतो. रस्त्याचा नंबर तेवढा चटकन बदलला, १७ चा ६६ झाला. गणपतीत पास काढा म्हणजे टोल माफ होतो. मणक्यांचं तुमचं तुम्ही बघा.

आणि हे सगळंच नको असेल तर रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची वाट बघा. प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४, म्हणजे निदान नंबर तरी लागलाय. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून कोकणी माणूस या रस्त्याच्या गप्पा मारतोय. नकाशावर रेघ सलग आहे, अडतं ते फक्त खाड्यांपाशी. दाभोळला पोचलात की धोपाव्याच्या जंगलजेटीला, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीला, रांग लावा. गाडी बोटीत चढली, हँडब्रेक ओढला, की खाली उतरून कठड्याला टेकून उभे राहा. पलीकडे पोचेपर्यंत एकही खड्डा लागणार नाही, आणि लागलाच तर तो मेरीटाइम बोर्डाचा.