उचल

परभणीच्या मोंढ्यात अण्णांसोबत सोयाबीन घेऊन जायचो, तेव्हा पट्टी वाचायचं काम माझ्याकडं असायचं. वर मालाचे पैसे, खाली हमाली, तोलाई, आणि शेवटी सगळ्यात मोठा आकडा, उचल वजा. पेरणीला अडत्यानं दिलेले पैसे. त्यातून बी-खत घेतलेलं त्याच्याच भावाच्या दुकानातून. अडत्या वाईट माणूस नव्हता, अडीनडीला धावून यायचा. पण शेजारच्या अडतीवर शंभर रुपये भाव जास्त असला तरी आमची गाडी तिकडं वळायची नाही.

मायक्रोसॉफ्ट आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या भागीदारीबद्दल वाचताना मला तीच पट्टी दिसते. २०१५ मध्ये ओपनएआय सुरू झाली ती नफा न कमावणारी संस्था म्हणून, साऱ्या मानवजातीच्या भल्याचं नाव घेऊन. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, मॉडेलं घडवायला लागणारे संगणक भयंकर महाग. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे १ अब्ज डॉलर घेतले आणि काम बांधलं गेलं त्यांच्याच अझूरवर, म्हणजे त्यांच्या भाड्यानं मिळणाऱ्या संगणकांवर. पुढं दुसरीकडचे संगणक वापरायची मोकळीक मिळाली. तरी ऑक्टोबर २०२५ च्या करारात मायक्रोसॉफ्टकडं सुमारे २७ टक्के हिस्सा राहिलाच, वर ओपनएआयनं २५० अब्ज डॉलरची अझूर सेवा घ्यायचं कबूल केलं.

यंत्राला माझा विरोध नाही. मागच्या श्रावणात चुलतभावानं बांधावरूनच सोयाबीनच्या झाडाचा फोटो टाकला. खोडावर दोन गोल खाचा, वरचा शेंडा सुकलेला. फोननं सांगितलं, चक्रीभुंगा. बरोबर होतं. कुणाची वाट न बघता त्याला उत्तर मिळालं, मला खरंच बरं वाटलं.

म्हणूनच सांगतो. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. आपल्या काळ्या रानातल्या ज्वारी, कापूस, सोयाबीनच्या पन्नास वर्षांच्या नोंदी ही आपली पेव भरलेली ज्वारी आहे. उद्या कुणी फुकट संगणक घेऊन दारात आलं, तर या नोंदींवरचा हक्क आपलाच राहील आणि त्या कधीही दुसरीकडं नेता येतील, हे आधी कागदावर घ्या. केंद्रानं २०२४ मध्ये देशात एआय वाढवायच्या इंडियाएआय मिशनला १०,३०० कोटींहून जास्त रुपये मंजूर केलेत. त्यातले संगणक आमच्या परभणी-हिंगोलीच्या पोरांच्या हाती कधी पडणार, हे खासदारांना विचारा. मी विचारणार आहे.

अण्णांची उचल सुटली ती घरचं बियाणं ठेवल्यावर. उगवण तपासायला आईनं ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. अठ्ठ्याहत्तर उगवले. त्या दिवाळीत अण्णांनी तीन अडतींवर भाव विचारला, मगच गाडी सोडली.