बलक म्हणजे पिल्लू नव्हे! श्रावणातल्या त्या फॉरवर्डला उत्तर

श्रावण जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. त्यात म्हटलंय की अंड्यातला पिवळा बलक म्हणजेच पिल्लू, बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर समजा जीव आला होता, दुकानातलं कुठलंही अंडं 21 दिवस उबेत ठेवलं की पिल्लू निघतंच, आणि वर बोनस म्हणून टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी. ज्यांना अंडं खायचं नाही त्यांनी खुशाल खाऊ नये, माझं काही म्हणणं नाही, पण ही चारही विधानं चुकीची आहेत.

आधी बलक. बलक ही पिल्लाची शिदोरी आहे, पिल्लू नाही. पिल्लू बनतं ते बलकावर जो तीनेक मिलिमीटरचा फिकट पांढरा ठिपका असतो त्यातनं, आणि अंडं कसंही फिरवा तो ठिपका वरच येतो कारण बलकाची ती बाजू हलकी असते. अंडं फळलेलं असेल (म्हणजे कोंबड्याशी संयोग होऊन आलेलं) तर कोंबडीच्या पोटातच त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात, मग अंडं बाहेर पडून गार झालं की सगळं थांबतं आणि कोंबडी खुडूक होऊन त्यावर बसली की पुन्हा सुरू होतं. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं (अंधारात बॅटरी मारून बघा, मधे ठिपका आणि भोवती कोळ्यासारखे पाय दिसतात), तेराव्या दिवसाच्या आसपास अंगावर लव येते, हाडांना लागणारं कॅल्शियम तर चक्क टरफलातनं घेतलं जातं. आणि एकोणीस-विसाव्या दिवशी उरलेला बलक पिल्लू बेंबीतनं पोटात ओढून घेतं. म्हणूनच तर हॅचरीतली, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातली, एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दाणापाण्याशिवाय दोन-तीन दिवस प्रवास करू शकतात. बलकच पिल्लू असता तर मग पिल्लानं पोटात ओढलं काय?

अ‍ॅरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी रोज एक अंडं फोडून हेच बघितलं होतं, तिसऱ्या दिवशी धडधडणारा रक्ताचा थेंब त्यानं लिहून ठेवलाय. पिल्लू पांढऱ्या भागातनं बनतं असं त्याला वाटलं ते चुकलं, पण बलक हे पिल्लाचं खाणं आहे हे त्यालाही कळलं होतं. आणि हो, पांढऱ्यात जी घट्ट गाठाळ दोरी दिसते ती नाळ नाही, बलक मधोमध धरून ठेवायची सोय आहे.

रक्ताचा ठिपका. बलक अंडाशयातनं सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो थेंब बलकाला चिकटतो, बास. कोंबड्याचं तोंडही न बघितलेल्या कोंबडीच्या अंड्यात तो येतो. वाढणारं पिल्लू असतं तर जाळं दिसलं असतं, सुटा थेंब नाही. तपकिरी अंड्यांत जास्त सापडतो, कारण पॅकिंगच्या वेळी उजेडावर धरलं तरी गडद टरफलातनं दिसत नाही. तेवढा भाग सुरीनं काढा नि ऑम्लेट करा.

दुकानातलं अंडं. लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथं, पिंजऱ्यात नुसत्या कोंबड्या असतात, कोंबडा नसतो, मग फळणार कुठनं? उन्हाळ्यात ओट्यावरच्या ट्रेमधून पिल्लं निघाल्याचे व्हिडिओ येतात, पण फळलेलं नसलेलं अंडं कितीही उबवा ते फक्त नासतं. गावरान अंड्याचं वेगळं, कोंबडा मोकळा फिरत असेल तर ते फळलेलं असू शकतं, हे मान्य. पण त्यालाही साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस, ओलावा, दिवसातनं अनेकदा उलटापालट, असं तीन आठवडे लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी 45 आणि पहाटे 28, असल्या हेलकाव्यात पिल्लू निघत नाही, मरतं.

राहिला टोकदार-गोल. आकार ठरतो अंडनलिकेत, नर-मादी त्याच्या आधीच ठरलेली असते, तीही कोंबडीकडून, कोंबड्याकडून नाही. माणसात बाप ठरवतो, इथं उलटं. काही जण म्हणतात उब कमी-जास्त केली की माद्या जास्त निघतात, ते कासवांचं आहे, वेळासच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचं वाळूच्या तापमानावर ठरतं, कोंबडीचं नाही.

मेसेजवाल्यांना खरंच त्रास करून घ्यायचा असेल तर तो इथं आहे. लेअर जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून जगात बहुतेक ठिकाणी ती पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जपान्यांनी 1920-30 च्या दशकात एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून नर-मादी ओळखायची पद्धत बसवली, ती शिकायला महिनोन्महिने जातात. जर्मनीनं 2022 पासून ही पिल्लं मारण्यावर बंदी घातली, म्हणून तिथल्या हॅचऱ्या आता उबवणीतल्या अंड्याच्या आत काय आहे ते तपासायला महागडी मशिनं लावतात. टोक बघून कळत असतं तर हे काम फुकटात झालं असतं.