‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं म्हणजे हार्ड डिस्क गेली, असं नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटर सुरू करताना ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं की हार्ड डिस्क गेली समजा. ती पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीच जमलं तर बायोसमध्ये जाऊन ‘लेगसी’ करा, चेकडिस्क चालवा. तरीही नाही तर बिनधास्त फॉरमॅट मारा, डेटा नंतर सॉफ्टवेअरने परत मिळतो.

ज्यांच्या मशीनवर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब किंवा द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं आहेत, त्यांनी हे जसंच्या तसं केलं तर वाचू शकणारा डेटाही हातचा जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, ‘डिस्क गेली समजा’. ती सूचना एवढंच सांगते की विंडोज कुठून सुरू करायचं ते मशीनला सापडलं नाही. कारण अगदी किरकोळ असू शकतं. यूएसबीला पेन ड्राइव्ह तसाच राहिलेला असतो आणि मशीन आधी त्याच्याकडे बघतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल संपला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होऊन मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळपदावर जातात, तारीख-वेळही चुकते. म्हणून आधी बायोस उघडा आणि स्टोरेजच्या यादीत डिस्कचं मॉडेल दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर डिस्क निदान मशीनशी बोलतेय, आणि घोटाळा बूटच्या क्रमात किंवा बूटच्या फाइलींत असण्याची शक्यता मोठी. दिसत नसेल तर मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचं लाल किंवा काळं चपटं टोक हलकेच दाबून बघा. कॅबिनेट सरकवताना, साफ करताना ते अर्धवट निघतं आणि वरून जागेवरच असल्यासारखं दिसतं. केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. एवढं झाल्यावरच डिस्कवर संशय घ्या.

मात्र डिस्कमधून ठरावीक लयीत ‘टक्‌ टक्‌’ येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका. तिथेच थांबा.

फ्रीझरबद्दल स्पष्ट सांगतो: करू नका. फार जुन्या काही डिस्कचे अडकलेले भाग थंडीने आकसून थोडा वेळ सुटायचे, तिथून हा उपाय आला. आजच्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर, त्यातही आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत, पाणी धरतं. ते आत तबकडीवर धरलं तर हेड घासून डेटा कायमचा जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर फिरणारं काही नसतंच, तिथे फ्रीझरचा संबंधच काय?

‘लेगसी करा’ म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लेगसी ही मशीन सुरू करायची जुनी पद्धत, यूईएफआय ही नवी. यूईएफआय मोडमध्ये, जीपीटी (नव्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवर टाकलेलं विंडोज लेगसीत सुरू होत नाही. म्हणजे चालू शकणारं मशीनही बंद पडेल. शिवाय नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, आधी शोधून ठेवा. आणि काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढा.

चेकडिस्क वाईट नाही, पण त्याची वेळ नंतरची. विंडोजमधलं हे साधन फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, दुरुस्त करतं. खराब होत चाललेल्या डिस्कवर पूर्ण तपासणी लावली की तिच्यावर ताण येतो, आणि ‘दुरुस्ती’त फाइलींचे दुवे तुटूही शकतात. आधी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, ‘स्मार्ट’चे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे बघा. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे भाग, वाढत असतील तर डिस्क खचतेय. फक्त सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुकांचा, आकडा वाढतोय तर बहुतेक वेळा केबल. डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मगच बूट दुरुस्त करा. यूईएफआय मशीनवर तिथे बीसीडीबूट ही बूटच्या फाइली पुन्हा बनवणारी कमांड लागते, सगळे सुचवतात ती जुन्या पद्धतीची फिक्सएमबीआर नाही.

आणि ‘फॉरमॅट मारा, डेटा परत मिळतो’ हा सगळ्यात घातक सल्ला. विस्टापासून विंडोजचं पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितं. एसएसडीवर क्विक फॉरमॅट केलं तरी ट्रिममुळे (नको असलेली जागा कोणती ते विंडोज एसएसडीला कळवतं त्यामुळे) जुने ब्लॉक मोकळे होतात, मग कुठलंही सॉफ्टवेअर बहुधा रिकाम्या हातानेच परततं.

एम. जी. रोडला किंवा कुठेही मशीन दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या.